विकत घेतलेल्या गाण्यांची स्वतःसाठी कॉपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या सीडी आणि कॅसेट मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर घेताना लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी कायदा, मग कंपन्यांनी कॉपी अडवायला लावलेल्या कुलपांचा इतिहास, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी अडचणीचे अपवाद असा क्रम आहे.

१. मी विकत घेतलेली सीडी माझ्याच लॅपटॉपवर कॉपी केली तर गुन्हा होतो का?

भारतात कायद्याचा आधार तुमच्या बाजूने आहे, मात्र ती कॉपी खरोखर स्वतःच्या ऐकण्यासाठी हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) चा पहिलाच खंड खाजगी किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेला वाजवी वापर हक्कभंगातून वगळतो. २१ जून २०१२ रोजी लागू झालेल्या दुरुस्तीपूर्वी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती एवढ्यांनाच होती. ध्वनिमुद्रण कायद्याच्या दृष्टीने वेगळे, आणि ते यादीत नव्हते. गाण्याची चाल सवलतीत बसायची, त्याच गाण्याची रेकॉर्ड बसायची नाही. दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम वगळता कुठलीही कृती सवलतीत आणली, आणि अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हा हक्कभंग नाही असे स्पष्टीकरणही जोडले.

'वाजवी' हा शब्द मात्र डोळ्यांआड करू नका. एक सीडी घरातल्या दोन-तीन उपकरणांवर असणे वेगळे आणि तिच्या पन्नास प्रती वाटणे वेगळे (प्रश्न १४ पाहा).

२. सीडीवर कंपन्यांनी सुरुवातीलाच कुलूप का लावले नाही?

कारण तेव्हा कॉपी करायला साधनच नव्हते. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सीडीचे मानक ठरवले आणि १९८२ मध्ये जपानमध्ये ती बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनल. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. घरगुती संगणकांना तेव्हा हार्डडिस्क असलीच तर ती या हिशेबाने एका गाण्यात भरली असती. त्यामुळे मानकात माहिती गुप्त करण्याची सोयच ठेवली नाही. पुढची सगळी कुलुपे या उघड्या मानकावर बाहेरून चिकटवलेली होती. ती पुन्हापुन्हा का निसटली, याचे कारण इथेच आहे.

३. मग कंपन्यांचा विरोध सुरू कधी झाला?

कॅसेटपासून. ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती टेपिंगविरुद्ध मोहीम काढली. तिचे चिन्ह म्हणजे कॅसेटची कवटी आणि खाली दोन हाडे. पण कॅसेटची प्रत दर पिढीला खराब होत जाते, म्हणून तो वाद घोषणांपुरताच राहिला. खरी धास्ती बसली १९८७ मध्ये, डिजिटल टेप म्हणजे डॅट आल्यावर. हिची दहावी प्रतही पहिलीसारखीच.

त्यावर सीबीएस या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीने 'कॉपीकोड' सुचवला. गाण्यातून ३,८३८ हर्ट्झच्या आसपासची अरुंद पट्टी कापून टाकायची, आणि रेकॉर्डरमधल्या चिपला ती पट्टी रिकामी दिसली की रेकॉर्डिंग थांबवायचे. पियानोच्या वरच्या टोकाजवळच्या दोन पट्ट्यांमधली ही जागा आहे. तंबोऱ्याचे वरचे स्वरांशही याच भागात असतात. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९८८ मध्ये चाचणी घेतली. काही संगीतात ही काटछाट कानाला कळते, चिप नेहमी अचूक ओळखत नाही आणि तिला चकवणे सोपे आहे, असे तिन्ही निष्कर्ष निघाले आणि योजना बारगळली. ज्याने पैसे मोजले त्याच्याच कानावर हा उपाय लादला जाणार होता. पुढच्या वीस वर्षांत हेच पुन्हापुन्हा होत गेले.

तडजोड झाली १९९२ मध्ये, अमेरिकेच्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायद्याने. डिजिटल रेकॉर्डरवर २ टक्के आणि कोऱ्या माध्यमांवर ३ टक्के रॉयल्टी बसली, आणि बदल्यात घरगुती, बिगरव्यापारी रेकॉर्डिंगसाठी ग्राहकावर खटला भरता येणार नाही असे ठरले.

४. माझ्या मिनीडिस्कवरून दुसऱ्या मिनीडिस्कवर ऑप्टिकल केबलने कॉपी होत नाही. यंत्र बिघडले का?

नाही. १९९२ च्या त्याच कायद्याने सक्तीची केलेली एससीएमएस ही व्यवस्था तिचे काम करते आहे. डिजिटल संकेतासोबत काही बिट जातात: हे संरक्षित आहे का, आणि ही मूळ आहे की प्रत. मूळ सीडीवरून प्रत होते, प्रतीवरून प्रत होत नाही. ॲनालॉग केबल लावली की हे बिट जात नाहीत आणि रेकॉर्डिंग होते. स्वतःच्या गायनाची मिनीडिस्क असेल तर हाच मार्ग घ्या. दर्जा किंचित उतरतो, पण काम होते.

याच काळातल्या सुट्या सीडी रेकॉर्डरना साधी कोरी सीडी चालत नाही, 'डिजिटल ऑडिओ' छापलेलीच लागते. तिच्या किमतीत रॉयल्टी धरलेली असते आणि यंत्र तिच्यावरची खूण ओळखते. संगणकाच्या सीडी रायटरला हा नियम नाही.

५. एमपी३ प्लेअरवरच बंदी आणायचा प्रयत्न झाला होता हे खरे आहे का?

खरे आहे. १९९८ मध्ये डायमंड मल्टिमीडियाने रिओ पीएमपी३०० आणला. स्मृती ३२ एमबी, म्हणजे १२८ केबीपीएसने जेमतेम अर्धा तास गाणी. अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेने खटला भरला, कारण यंत्रात एससीएमएस नव्हते आणि रॉयल्टीही भरलेली नव्हती. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. रिओ गाणी घेतो संगणकाच्या हार्डडिस्कवरून, आणि हार्डडिस्क ही कायद्याच्या अर्थाने 'संगीताची डिस्क' नाही, म्हणून रिओ त्या कायद्यात बसतच नाही. आपलीच गाणी एका जागेवरून दुसरीकडे नेणे हा बिगरव्यापारी वैयक्तिक वापर आहे, असेही न्यायालयाने म्हटले. पुढे आलेल्या प्रत्येक खिशातल्या प्लेअरला वाट मिळाली ती या निकालाने.

६. ध्वनीतच खूण लपवण्याचा प्रकल्प कोणता होता? तो का फसला?

एसडीएमआय. १९९८ च्या अखेरीस रेकॉर्ड कंपन्या आणि उपकरणे बनवणारे एकत्र आले. कानाला न कळणारी खूण गाण्यात भरायची आणि प्लेअरने ती तपासायची, अशी कल्पना होती. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी खुले आव्हान दिले: खूण काढून दाखवा, १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि सहकाऱ्यांनी आव्हानातल्या चारही प्रकारच्या खुणा काढल्या आणि निबंध लिहिण्याचा हक्क राहावा म्हणून बक्षिसाच्या अटी नाकारल्या. एप्रिल २००१ मध्ये त्यांना कायदेशीर कारवाईचा इशारा देणारे पत्र आले. त्यांनी निबंध तेव्हा मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये वाचला.

अडचण मुळातली होती. खूण कानाला कळू नये, पण यंत्राला कळावी अशी अट होती. एमपी३ नेमके कानाला न कळणारे तेच फेकून देते. शिवाय खूण ओळखणारे यंत्र घरोघरी दिल्यावर ती गेली की नाही हे कुणालाही त्याच यंत्रावर तपासता येते.

७. 'कॉपी प्रोटेक्टेड' सीडी नेमकी कशी काम करायची? मार्कर पेनने ती उघडते हे खरे का?

दोन जाती होत्या. पहिलीत सीडीची विषयसूची किंवा दुरुस्तीची माहिती मुद्दाम बिघडवलेली असे. साधा प्लेअर ती मागे टाकून वाजवतो, संगणकाचा ड्राइव्ह गोंधळतो. यात निरपराध यंत्रेही अडकली: कारमधले प्लेअर, डीव्हीडी प्लेअर, काही ॲपल संगणक. दुरुस्तीची माहिती बिघडवलेल्या सीडीवर ओरखडा पडला की ती लवकर अडखळते, कारण भरून काढण्याची तिची ताकद आधीच कमी केलेली असते. अशा चकत्यांवर अधिकृत सीडीचे चिन्ह छापता येणार नाही, असे फिलिप्सनेच सांगितले होते.

मार्करची गोष्ट याच जातीची आहे आणि खरी आहे. संगणकासाठीचे बनावट सत्र (माहितीचा वेगळा भाग) सीडीच्या बाहेरच्या कडेला असे, आणि ते शाईने झाकले की ड्राइव्हला फक्त गाणी दिसत. आज हे करू नका. रेषा जरा आत सरकली तर शेवटचे गाणे जाते, आणि आजच्या सॉफ्टवेअरला (प्रश्न ११) त्याची गरजही नाही.

दुसऱ्या जातीत सीडी घालताच विंडोज आपोआप एक प्रोग्रॅम चालवी आणि तो कॉपी अडवी. २००३ मध्ये प्रिन्स्टनचे विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन यांनी दाखवले की सीडी घालताना शिफ्ट कळ दाबून धरली की प्रोग्रॅम चालतच नाही. ते कुलूप बनवणाऱ्या सनकॉमने आधी दाव्याची धमकी दिली आणि लगेच मागे घेतली.

८. सोनी बीएमजीचे २००५ चे प्रकरण काय होते?

या लढ्यातली सर्वांत वाईट चूक. ५२ अल्बमच्या सीडींवर एक्ससीपी नावाचे सॉफ्टवेअर होते. सीडी विंडोजमध्ये घातली की ते ग्राहकाला त्याचा खरा स्वभाव न सांगता यंत्रणेच्या गाभ्यात बसत असे आणि 'डॉलर-एस-वाय-एस-डॉलर' या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल, फोल्डर आणि प्रक्रिया लपवत असे. अशा सॉफ्टवेअरला रूटकिट म्हणतात. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी विंडोजचे तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ते जाहीर केले.

त्रास चार बाजूंनी झाला. लपवण्याची सोय कुणालाही वापरता येत होती. नोव्हेंबरमध्येच असे व्हायरस आले, ज्यांनी आपल्या फाइलला त्याच अक्षरांनी सुरू होणारे नाव दिले आणि ते अँटिव्हायरसपासून लपले. काढण्याचा सरळ मार्ग नव्हता. हाताने फाइल पुसल्या की सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई, कारण ड्राइव्हच्या वाटेत बसवलेला ड्रायव्हर गेला तरी त्याची नोंद मागे राहत असे. कंपनीने दिलेल्या वेब अनइन्स्टॉलरने नवे भोक पाडले, ज्यातून कुठलेही संकेतस्थळ त्या संगणकावर प्रोग्रॅम चालवू शकत होते. आणि काही सीडींवर मीडियामॅक्स नावाचे दुसरे सॉफ्टवेअर होते, जे अटी नाकारल्या तरी आपल्या फाइल ठेवून जात असे.

कंपनीने एक्ससीपीच्या सीडी परत मागवल्या. टेक्सास राज्याने दावा लावला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत नुकसान झालेल्या ग्राहकाला दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत देण्याचे ठरले. चोरून उतरवलेली एमपी३ ऐकणाऱ्याच्या संगणकाला यातले काहीही झाले नाही. नुकसान झाले ते दुकानात पैसे देणाऱ्याचे, आणि म्हणून आम्ही हे प्रकरण इतक्या तपशिलाने मांडतो.

९. माझ्याकडे त्या काळातली परदेशी सीडी आहे. ती घालणे सुरक्षित आहे का?

आधी कव्हर पाहा. एक्ससीपीच्या सीडीवर समोरच्या डाव्या कडेला 'कंटेंट प्रोटेक्टेड' अशी उभी पट्टी असते. लिनक्सवर हे सॉफ्टवेअर चालत नाही. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे ते ड्रायव्हर बसत नाहीत. तरीही ऑटोप्ले बंद ठेवा आणि सीडीवरची कुठलीही फाइल स्वतः उघडू नका.

जुना विंडोज एक्सपी संगणक बाधित आहे का हे पाहायला डेस्कटॉपवर कुठलीही मजकूर फाइल घ्या आणि तिच्या नावाच्या सुरुवातीला वर सांगितलेली पाच अक्षरे लावा. फाइल डोळ्यांसमोर नाहीशी झाली तर रूटकिट आहे. अशा वेळी फोटो-कागदपत्रे बाहेर काढा आणि विंडोज पुन्हा टाका. एक्सपीसाठी हाताने साफसफाई करत बसण्यात अर्थ नाही.

१०. आयट्यून्सवरून २००५-०६ मध्ये विकत घेतलेली गाणी दुसऱ्या प्लेअरवर वाजत नाहीत. काय करू?

फाइलच्या नावाचा शेवट एमफोरपी असा असेल तर तिच्यावर फेअरप्ले हे कुलूप आहे. ते पाच संगणकांना परवानगी देते, आणि एकच प्लेलिस्ट सात वेळा ऑडिओ सीडीवर लिहू देते. ही सीडीची वाट ॲपलनेच उघडी ठेवली होती. ज्या खात्यावर खरेदी झाली त्याने लॉग इन करा, संगणकाला परवानगी द्या, सीडी लिहा, आणि ती पुन्हा रिप करा, म्हणजे संगणकावर फाइल म्हणून उतरवा. रिप करताना एफएलएसी (आवाजातले काहीही न गमावता दाबलेली फाइल) ठेवा, नाहीतर दुसऱ्यांदा दाबल्यामुळे आवाज आणखी उतरतो.

ईएमआयने २००७ मध्ये कुलपाशिवाय २५६ केबीपीएसची गाणी द्यायला सुरुवात केली, आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने चारही मोठ्या कंपन्यांची गाणी कुलपाविना देण्याचे जाहीर केले. भारतात आयट्यून्स स्टोअर २०१२ च्या अखेरीस आले, त्यामुळे इथे घेतलेल्या गाण्यांना हा त्रास नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकवरून घेतलेल्यांची गत वाईट झाली. परवाना देणारा सर्व्हर बंद करण्याची घोषणा २००८ मध्ये झाली. तो बंद म्हणजे नव्या संगणकावर जुनी खरेदी कायमची मुकी. विरोधामुळे मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढली, इतकेच.

११. आज सीडी नीट कॉपी करायची पद्धत सांगा.

यूएसबीचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी घ्या. दोन्ही मोफत आहेत.

ड्राइव्ह जोडल्यावर आधी एखादी गाजलेली परदेशी सीडी घाला, म्हणजे सॉफ्टवेअर ॲक्युरेटरिपच्या (इतरांनी केलेल्या कॉपींच्या इंटरनेटवरच्या साठ्याच्या) नोंदींवरून ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे तो वाचायला किती पुढे-मागे सुरुवात करतो ते, स्वतः ओळखते. हे एकदाच करावे लागते. नंतर 'सिक्युअर' पद्धत निवडा आणि 'टेस्ट अँड कॉपी' चालवा. प्रत्येक गाणे दोनदा वाचले जाते आणि दोन्ही वेळचे सीआरसी (वाचलेल्या माहितीवरून काढलेले तपासणीचे) आकडे जुळले पाहिजेत. मराठी सीडींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे, कारण नाट्यसंगीताच्या किंवा भावगीतांच्या कितीतरी सीडी ॲक्युरेटरिपमध्ये नसतात. 'नोंद सापडली नाही' याचा अर्थ कॉपी चुकली असा नव्हे. आकडे जुळले की निर्धास्त राहा.

नावेही बहुधा स्वतःच टाइप करावी लागतात. गायक, संगीतकार, कवी आणि राग कव्हरवरून लगेच लिहून ठेवा, कव्हर नंतर हरवते.

मूळ प्रत एफएलएसीमध्ये ठेवा. एका तासाच्या सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात आणि एकही बिट वाया जात नाही. त्यावरून गाडीसाठी एमपी३ करा: ३२० केबीपीएसला तासाला १४४ एमबी. गाडीतल्या अनेक सिस्टिमना एनटीएफएस पेनड्राइव्ह वाचता येत नाही, म्हणून तो एफएटी३२ करा. देवनागरी नावांऐवजी चौकोन दिसत असतील तर त्या प्रतीत रोमन नावे द्या.

१२. सीडी मध्येच अडकते, त्याच गाण्यावर टकटक आवाज येतो. काही उपाय?

कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसायचे ते मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा माहितीच्या वाटेवरून लांबवर जातो आणि सीडीची दुरुस्ती व्यवस्था तिथे कमी पडते. आडवा ओरखडा ती सहज भरून काढते. तरी नाही जमले तर ड्राइव्ह बदला. एकाने नाकारलेली सीडी दुसरा वाचतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

चकचकीत बाजूचा ओरखडा बरा, छापील बाजूचा घातक. परावर्तक थर छपाईच्या लगेच खाली असतो. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोके दिसली तर तिथली माहिती गेली.

१३. कॅसेटचे काय? तिच्यावर काही कुलूप असते का?

नाही. पण रेकॉर्डिंग वाजण्याच्या वेगानेच होते, ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटे. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडा, माइकच्या भोकात नाही. तिथे आवाज बहुधा मोनो होतो आणि फाटतो. ऑडॅसिटीत सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. आधी हेड स्पिरिटने पुसा. आवाज दबका वाटला तर हेडचा कोन चुकला असतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून टाळांचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा.

१४. कॉपी करून मूळ सीडी विकली, किंवा मित्राला पेनड्राइव्ह भरून दिला तर? आणि मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घेतले तर?

तिन्हींची उत्तरे वेगळी. सीडी विकल्यावर कॉपी ठेवणे हा वाजवी वापर आहे असे सांगणे अवघड आहे. विकायची असेल तर कॉपी पुसा. मित्रासाठी केलेली प्रत तुमच्या वैयक्तिक वापराची उरत नाही. दुकानदार पैसे घेऊन गाणी भरतो तेव्हा तो व्यापार झाला. त्याच्याकडे परवाना नसेल तर कलम ६३ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड आहे. गावोगावच्या दुकानांत हे वर्षानुवर्षे सर्रास चालले, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

१५. सीडीवर कुलूप असेल तर भारतात ते तोडणे गुन्हा आहे का?

कलम ६५ए प्रमाणे हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी तोडणे या कलमातून वगळले आहे, आणि स्वतःसाठीची कॉपी (प्रश्न १) त्यातच येते. अट एक: दुसऱ्या कुणाला हे करून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे. अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए कायदा इतका उदार नाही.

१६. मी परदेशात राहतो. पुण्याहून आणलेल्या सीडी तिथे कॉपी केल्या तर कोणता कायदा?

जिथे कॉपी करता तिथला. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वतःसाठी कॉपीची मुभा मिळाली, पण संगीतकारांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जुलै २०१५ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. मोबदल्याशिवाय मुभा देण्याइतके नुकसान क्षुल्लक आहे, हे सरकार पुराव्याने दाखवू शकले नव्हते. म्हणून तिथे स्वतःच्या सीडीची कॉपीही आज हक्कभंगच आहे. जर्मनीत मुभा आहे, कारण १९६५ पासून उपकरणांच्या किमतीत कलाकारांसाठी आकार (शुल्क) धरला जातो. मात्र परिणामकारक कुलूप तोडायला तिथे परवानगी नाही. कॅनडात कोऱ्या सीडीवर आकार आहे. आयपॉडवर तो लावण्याचा प्रयत्न न्यायालयाने दोनदा फेटाळला. भारतात असा आकारच नाही.

कलाकारांना मोबदला मिळावा आणि श्रोत्यालाही मोकळीक असावी, तर आम्हाला जर्मन वाट सर्वांत रास्त वाटते.

१७. स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी पेनड्राइव्हवर का जात नाहीत?

ती तुम्ही विकत घेतलेली नाहीत. फाइल गुप्त रूपात असते आणि चावी ॲपकडे. स्पॉटिफायला ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटवर यावे लागते, नाहीतर डाउनलोड वाजणे थांबते. वर्गणी संपली की गाणी गेली. विकलेल्या गाण्यांवरचे कुलूप २००९ पर्यंत उतरले आणि भाड्याच्या गाण्यांवर पक्के बसले. जपून ठेवायचे गाणे सीडीवर किंवा कुलूप नसलेल्या डाउनलोडच्या रूपात विकत घ्या.

१८. फार जुनी रेकॉर्ड असेल तर मोकळेपणाने वाटता येते का?

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. पण ही मोकळीक रेकॉर्डपुरती आहे. गीत आणि चाल यांचे हक्क त्या-त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. म्हणून वाटण्यापूर्वी तीन तारखा काढा: रेकॉर्डचे वर्ष, कवीच्या मृत्यूचे वर्ष, संगीतकाराच्या मृत्यूचे वर्ष. सीडीवर छापलेले वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचे असते. मूळ वर्षासाठी जुन्या तबकडीचा क्रमांक आणि कंपनीची सूची पाहा.